बकेटीतला केशरी कॅमेरा गेला कुठी?

नजर घारीची, कान सशाचे, नाक अस्वलाचं आणि मेंदू स्वतःचा, अशी संघपाल मामाची संघपाल मामानेच करून दिलेली ओळख आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्यापुढे अर्धा ताडोबा शर्ट इन करून उभा आहे.

"गुन्हेगार मले पाहून पळत नाई," मामा पुढे सांगतो. "तो जागीच थांबते. त्याले मालूम असते, पळून काही फायदा नाई."

दिव्यानीला हे सगळं पाठ होतं. ती मामाची भाची, आणि मामा सिंदेवाहीकडे तिच्या गावी आला की आपोआप त्याची असिस्टंट. या पदाला पगार नाही, रजा नाही, आणि तिचा राजीनामा मामाने आजवर दोनदा नामंजूर केलेला. पोटापाण्यासाठी मामा राजुऱ्यात दुकानांना सीसीटीव्ही बसवून देतो. त्याच्या कॅमेऱ्यांनी आजवर एकच चोर टिपला. पण तो चोर कॅमेराच चोरायला आला होता, आणि स्वतःच्या फोटोसकट सगळं घेऊन गेला. तेव्हापासून मामाने ठरवलं, यंत्रावर विसंबायचं नाही. आपणच कॅमेरा व्हायचं.

त्या रविवारी मात्र मामाला चोर पकडायला कोणी बोलावलं नव्हतं. बोलावलं होतं कॅमेरा निवडायला.

झालं असं. गावाच्या खालच्या अंगाला मोठा जुना तलाव आहे. माजी मालगुजारी तलाव म्हणून कागदावर, आणि लोकांच्या तोंडी नुसता मामा तलाव. संघपाल मामाचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण तो तसं कोणाला सांगत नाही. दिव्यानीच्या शाळेतल्या हरित सेनेला या तलावावरची पाखरं, चतुर, कमळं, शिंगाडे, सगळ्यांचे फोटो काढून ठेवायचे होते. त्यासाठी असा कॅमेरा हवा होता जो पाऊस, चिखल, शेवाळलेले दगड आणि नववीची पोरं या सगळ्यांतून जिवंत परत येईल. नूतन मॅडमनी चंद्रपूरच्या एका दुकानदाराकडून आपल्या शब्दावर दोन कॅमेरे आणले. दोन्ही खिशात मावणारे, पडले तरी न फुटणारे, पाण्यात चालणारे. एक केशरी, एक काळा. वापरून पाहायचे, एक ठेवायचा, एक परत करायचा.

"हे काम कोण करील?" मॅडमनी प्रार्थनेच्या वेळी विचारलं.

गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज बाकाखालून यायचा, ती दिव्यानी अख्ख्या शाळेपुढे म्हणाली, "मी."

स्वतःचा आवाज ऐकून आधी तीच दचकली. मग तिला तो आवडला. दिवसभर ती उगाचच मोठ्याने बोलत होती.

तिने नीट नाही केलं तर तलावाचं काम दहावीतल्या अजयच्या मोबाईलकडे जाणार, हे ठरलेलं होतं. अजयने आजवर काढलेल्या पाणकोंबडीच्या प्रत्येक फोटोत अजय पुष्कळ असतो आणि पाणकोंबडी मागे ठिपक्याएवढी. एकदा तर तो ठिपकाही म्हशीचा निघाला.

आणि मॅडम निकाल ऐकायला आणि कॅमेरे न्यायला रविवारीच चारच्या बसने येणार होत्या.

सकाळी मामाने परीक्षा घेतल्या. पहिली, खाटेवरून पाडायची. दोन्ही पास. दुसरी, पाण्याची. काळा कॅमेरा बकेटीत बुडवून काढला, तर त्याच्या काचेवर आतून धुकं.

"थंडी वाजून राह्यली त्याले," मामा म्हणाला.

"मामा, त्याचं बॅटरीचं झाकण लावलं होतं न तुमी?"

"तू मले शिकवतं?" असं म्हणत मामाने केशरी कॅमेऱ्याचं झाकण दोनदा जास्तच दाबलं. मग थोड्या थोड्या वेळाने आपोआप फोटो निघायची सोय लावली, त्याचा बारका दिवा पेटवला आणि तो अंगणातल्या बकेटीत सोडला. "आता याले विसरून जा. खरी परीक्षा असतेच तशी."

दोघं इतक्या मनापासून विसरली की चौकातल्या टपरीवर चहाला निघून गेली. दिव्यानीची आई, रीताताई, दळण आणायला गेली होती. घर मोकळं. टपरीवर मामाने चहावाल्याला अस्वलाच्या नाकाबद्दल सविस्तर सांगितलं. परत येऊन पाहतात तर बकेट आहे, पाणी आहे, कॅमेरा नाही.

दिव्यानीने बकेटीत हात घालून तळ चाचपला. मामाच्या चेहऱ्यावर मात्र असं तेज आलं, जसं भुकेल्या माणसापुढे ताट आल्यावर येतं.

"कोनी काही हात लावू नका," तो म्हणाला. अंगणात कोंबडीशिवाय कोणी नव्हतं. ती थांबली.

बकेटीपासून पाण्याचे थेंब निघाले होते. ते अंगण ओलांडून, ओसरीवरून सरळ स्वयंपाकघरात गेले होते. उंबऱ्यापाशी तांदळाचे चार दाणे सांडलेले.

मामाने गुडघ्यावर बसून एकेक थेंब तपासला. "चोर पान्यातून आला."

"कॅमेरा पान्यात होता, मामा. थेंब त्याचेच असतीन."

"असिस्टंटनं घाई करू नाई." मामाने एक दाणा उचलला, हुंगला, दाताखाली धरून चावला आणि डोळे मिटले. "लिहून घे. चोर भात खाणारा हाये."

आमच्याकडच्या धानाच्या पट्ट्यात या शोधाने संशयितांची गर्दी फारशी कमी झाली नाही.

"अन् आता मुद्द्याची गोष्ट," मामा कुजबुजला. "थेंब आत गेले. या खोलीले दार एकच. म्हणजे चोर आत गेला, बाहेर आलाच नाई. म्हणजे तो आतमंधीच हाये." त्याने कोपऱ्यातलं मुसळ उचललं, उंबऱ्यावर पाय रोवला आणि खाकरला. "आत जो कोन असन त्यानं हात वर करून बाहेर यावं."

दळण आणून कणीक मळायला बसलेल्या रीताताईचा आवाज आला. "हात पिठाचे हायेत. वर केले तं तुह्याच डोक्यावर पडन."

"चोरानं ताईले ओलीस ठेवलं," मामा दिव्यानीच्या कानात म्हणाला.

"संघपाल, जेवाले बसतं का नाई?"

"बोलाले लावून राह्यला तो तिले."

बराच वेळ वेढा चालला. शेवटी आईनेच बाहेर येऊन मुसळ काढून घेतलं, तेव्हा मामाने मोठ्या मनाने तो सिद्धांत मागे घेतला. "गुन्हा समजायचा असन तं थेंब पाहू नाई, पोरी. हेतू पाहावा. कॅमेरा गेला तं फायदा कोनाचा?"

दिव्यानीच्या तोंडून नाव निघून गेलं, "अजयचा."

अजय आपल्या घरच्या भाताच्या खाचराच्या, म्हणजे बांधीच्या, धुऱ्यावर उभा होता. खाली चिखलात त्याच्या घरचे लोक धानाच्या रोपांच्या रोवणीला वाकलेले, आणि वर हा मोबाईलकडे पाहून हसत होता.

"सकाळी कॅमेरा गेला तवा कुठी होता?" मामाने घारीची नजर लावली.

अजयने न विचारताच मोबाईल पुढे केला. अजय आणि बैल. अजय आणि चिखल. अजय आणि रोपांची पेंढी. अजय आणि अजयची सावली. एकाही फोटोत त्याने स्वतःला नजरेआड होऊ दिलं नव्हतं. इतका चोख पहारा तुरुंगातही नसेल.

"सुटला," मामा हळहळला.

"कॅमेरा हरवला का वो?" अजयने विचारलं. त्यात खवटपणा नव्हता, हेच वाईट होतं. "टेंशन नको घेऊ. तलावाचं मी करून देतो. माह्या मोबाईलमंधी जागा हाये अजून."

परत येताना दिव्यानी मामाच्या पुढे झपाझप चालत होती. तिला तलाव दिसत होता, कमळं दिसत होती, आणि प्रत्येक कमळापुढे अजय.

घराजवळ आल्यावर मामा एकदम थबकला. शेजारच्या आशाबाईच्या छपराच्या कवेलूंवर वानरांची टोळी बसली होती. खाली आशाबाईचं पपईचं झाड. मामाने पपईकडे पाहिलं, वानराकडे पाहिलं, मग दिव्यानीकडे.

"पपईचा रंग कोनता?"

"पिकली की केशरी."

"कॅमेऱ्याचा?"

"मामा, वानर उंबऱ्यावर तांदूळ काऊन सांडन?"

"लक्ष दुसरीकडं वळवाले," मामा म्हणाला. "लय हुशार जात हाये."

मग सापळा लागला. कुंपणाच्या भिंतीवर पपईची एक फोड, आणि तिच्या शेजारी तो धुकं धरलेला काळा कॅमेरा. "चोराले त्याच्या सवयीनंच पकडावं लागते," असं म्हणून मामा सुपाआड लपला. सूप होतं दोन वितीचं आणि मामा होता मामाएवढा.

एक वानर उतरलं. त्याने पपई उचलली, निवांत खाल्ली, कॅमेऱ्याकडे टक लावून पाहिलं आणि त्याच्या काचेवर नेमकी एक बी थुंकली.

"पाह्यलं? ओळख दाखवली त्यानं," मामा म्हणाला. आणि दिव्यानीने थांबवायच्या आत तो आशाबाईच्या कवेलूंवर चढायला शिडी शोधू लागला.

दिव्यानी अंगणात रिकाम्या बकेटीपाशी बसली. चारची बस हॉर्न वाजवत वळणावर आली होती. कॅमेऱ्यापेक्षा तिला मॅडमच्या शब्दाचं जास्त वाटत होतं, जो चंद्रपूरच्या दुकानात तिच्या भरवशावर ठेवलेला होता. मामाने तिला तीन सबबी पढवून ठेवल्या होत्या. तिसरीत बिबट्या होता. तिने तिन्ही बाजूला सारल्या. ज्या आवाजात 'मी' म्हटलं, त्याच आवाजात 'माझ्याकडून हरवला' म्हणायचं. तो आवाज आता मिळाला होता, तर तो फक्त चांगल्या कामाला वापरून कसं चालेल?

मॅडम छत्री मिटत फाटकातून आत आल्या. "काय दिव्यानी, कोणता ठरला?"

दिव्यानी उभी राहिली. "मॅडम, केशरी कॅमेरा माझ्या..."

"काय वो दिव्यानी," कुंपणापलीकडून हाक आली. आशाबाई रोवणीवरून परतत होती, गुडघ्यापर्यंत चिखल, पावसासाठी डोक्यावर प्लास्टिकचा घोंगता. "सुकला का तो?"

"कोन सुकला?"

"तो डबा न. केशरी. सकाळी तुमचं सूप वापस कराले आली तं घरी कोनी नाई. पाहतो तं एवढा नवाकोरा डबा बकेटीत बुडून. अन् आतून दिवा लावून राह्यला बिचारा. जीव होता वो त्याच्यात. पोराचा मोबाईल नाल्यात पडला होता तवा आमी तांदळातच ठेवला होता, दुसऱ्या दिवशी बोलाले लागला. तसाच हा तुमच्या तांदळाच्या ड्रममंधी कोपरापर्यंत खाली दाबला. मंग रोवणीले उशीर होऊन राह्यला म्हणून निघून गेली." मग तिने वर पाहिलं. "अन् हा तुहा मामा माह्या कवेलूवर काय करून राह्यला?"

कवेलूंवरून उत्तर आलं नाही. एक कवेलू मात्र आलं.

सगळे स्वयंपाकघरात धावले. आईने झाकण काढलं, दिव्यानीने खांद्यापर्यंत हात घातला, आणि तांदळातून आधी उजेड आला, मग कॅमेरा. धडधाकट. ज्याला मुळी पाण्याने काही होत नाही, तो दिवसभर कोरडा होत पडला होता.

"मी पहिलेच म्हणलं होतं," मामा खरचटलेल्या कोपराने दारात उभा राहून म्हणाला. "आतमंधीच हाये, अन् भाताशी संबंध हाये."

दुर्दैवाने हे खरं होतं. आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. गुन्हेगार मामाला पाहून थांबतात की नाही ठाऊक नाही, पण मामा आईला पाहून थांबतो.

मॅडम कॅमेऱ्यातले फोटो पाहत होत्या. पाणी. पाण्यात वाकून बघणारी कोंबडी. मग आशाबाईचा घाबरलेला चेहरा, सगळी चौकट भरून. मग अंधार, आणि अंधारात दिव्याच्या उजेडात चमकणारे तांदूळ, एकेक दाणा शिंगाड्याएवढा. आणि मग मॅडम थांबल्या.

"हे काय आहे?"

पडद्यावर रानडुकरासारखा एक प्राणी उभा होता. लांब सोंड, पाठीवर बारीक खळगे, पायांवरचे केससुद्धा मोजता यावेत.

"पोरकिडा. तांदळातला," दिव्यानी म्हणाली.

"आमच्या तांदळात पोरकिडे नाईत," आई म्हणाली.

"पाण्यातही चालला, तांदळातही चालला, आणि इतक्या जवळून इतकं साफ," मॅडम म्हणाल्या. "दिव्यानी, निकाल तू सांग."

"केशरी," दिव्यानी म्हणाली. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

तेवढ्यात आशाबाईची नजर भिंतीवर राहिलेल्या काळ्या कॅमेऱ्याकडे गेली. "अन् याच्या तं खरंच आत पानी दिसून राह्यलं," म्हणत तिने त्याची बी पुसली, त्याचं झाकण उघडलं आणि कोणाला न विचारता तो त्याच तांदळात खुपसला. मॅडमनी तो सोमवारी नेला, तेव्हा धुकं गेलं होतं आणि दुकानदाराला परत देण्याजोगा तो झाला होता.

पुढच्या महिन्यात शाळेत तलावाच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. कमळं होती, चतुर होते, आणि पहिल्यांदाच अजयशिवायची पाणकोंबडी. पण गर्दी होती ती पोरकिड्यापुढे. खाली दिव्यानीने लिहिलं होतं, 'छायाचित्र: आशाबाई. ठिकाण: आमचा तांदळाचा ड्रम.' आईने आदल्या संध्याकाळी येऊन दुसरी ओळ खोडायला लावली होती आणि तिथे लिहवून घेतलं होतं, 'ठिकाण: अज्ञात.'

राजुऱ्याहून खास आलेला मामा त्या फोटोपुढे पुष्कळ वेळ उभा राहिला. त्याने घारीची नजर बारीक केली. अस्वलाच्या नाकाने फोटो हुंगला. मग तो दिव्यानीला बाजूला घेऊन म्हणाला, "घाबरू नको. हे अज्ञात ठिकाण कोनतं हाये, त्याचा छडा मी लावतो."

दिव्यानीने तिथल्या तिथे तिसरा राजीनामा दिला.

मामाने तो हुंगून पाहिला आणि नामंजूर केला.