शनीला वाहिलेलं तेल

आर्वीची एसटी उशिरा आली, त्यामुळे शरयूला पाहायला येणारी मंडळी पवनारला पोचेपर्यंत अंधार पडला. चहा झाला, पोहे झाले आणि बोलणंच संपलं. मुलगा, अभिराम, बशीतले शेंगदाणे वेचत होता. त्याची आई सुमित्राबाई भिंतीवरचं कॅलेंडर न्याहाळत होत्या. शरयूचं, आपल्या नणंदेचं, हेही स्थळ हातचं जाणार, अशी भीती चारुताला वाटली.

"गच्चीवर चला ना काकू," ती बोलून गेली. "ऋचाच्या शाळेतून दुर्बीण आणलीय. या महिन्यात आकाशात काय काय दिसतं, ते पाहायला."

सगळे वर गेले. चारुताच्या लेकीने, ऋचाने, दुर्बीण आधीच लावून ठेवली होती. सुमित्राबाईंनी डोळा टेकवला.

"अगं बाई! कडं घातल्यावानी दिसून राह्यलं! कोण होय हे?"

"शनी," ऋचा म्हणाली.

सुमित्राबाई विंचू डसल्यासारख्या मागे सरकल्या, त्या थेट चारुताच्या सासऱ्यांच्या, नानांच्या पायावर.

"शनी? अन् मी त्याच्या डोयात डोया घातला? साडेसात वर्सं या पोराची साडेसाती काढली. देवळातबी बाजूनं दर्शन घेतलं, समोर नाई गेली कधी. आत्ता कुठं उतरली होती!"

"काकू, तो फार दूर असतो हो..."

"दूर कुठं? डोयाशी तर होता!"

"मग आता?" नानांनी पाय चोळत विचारलं.

"तेल वाहा लागते."

चारुता धावत जाऊन वाटीभर जवसाचं तेल घेऊन आली. ते वाहायचं कुठे, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सुमित्राबाईंच्या आलं होतं. जिथं दर्शन, तिथंच तेल. त्यांनी अख्खी वाटी दुर्बिणीच्या वरच्या तोंडावर उपडी केली.

शाळेची एकुलती एक दुर्बीण! ऋचाने भोकाड पसरलं.

तेवढ्यात संध्याकाळभर मुका असलेला अभिराम पुढे आला. "सरक आई. ज्याच्यापायी साडेसात वर्सं लग्न अडलं माझं, त्याचं तोंड तरी पाहू दे मले."

"नीट पाहा जी," शरयू म्हणाली. "मंग म्हणू नका, ओळख नव्हती."

तो हसला आणि वाकला.

"दिसून राह्यला काय?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"नाई. काईच नाई. नुसतं धुकं."

"पावला!" सुमित्राबाईंनी हात जोडले. "तेल घेऊन गेला बाप्पा! नाना, पोरगी पसंत. साखर आणा."

खाली साखर वाटली जात होती. गच्चीवर चारुता ओढणीने काच पुसत बसली होती. जितकी पुसावी तितकी तेलकट. सोमवारी दुर्बीण मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर ठेवायची होती.

"आई," ऋचाने हुंदका गिळत विचारलं, "शनी गेला, तर गेला कुठे?"

चारुताने आपल्या तेलकट हातांकडे पाहिलं.

"कुठे नाही गं," ती म्हणाली. "आपल्याकडेच राहिलाय."