शत्रूची सही

दफनभूमीत एकच जागा उरली, तेव्हा 'ख्रिस्ती कोणाला म्हणावं' हा प्रश्न चर्चच्या मंडळाने अखेर निकालात काढला. सात विरुद्ध चार मतांनी. आजवर आईबाप ख्रिस्ती म्हणून लेकरू ख्रिस्ती, असा ढिसाळ कारभार चालला होता, तो बंद. यापुढे जो शेजाऱ्यावर आणि शत्रूवरही प्रेम करील तोच ख्रिस्ती. आणि तसा दाखला असेल त्यालाच जागा.

ही शेवटची जागा म्हाताऱ्या सुताराच्या बायकोशेजारची. तीन वर्षांपूर्वी तिला पुरताना तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "सरकून घे गं थोडी, आलोच मी." स्वतःची शवपेटीही त्याने करून ठेवली होती. सध्या तिच्यात रंधे आणि पटाश्या होत्या.

त्याने चर्चच्या कार्यालयात बाप्तिस्म्याचा कागद नेऊन ठेवला.

"आजोबा, हा पाणी शिंपडल्याचा पुरावा झाला," कारकून बाई म्हणाल्या. "पुढचं काय?"

"सत्तर वर्षं दर रविवारी येतोय की!"

"तो बाकावर बसल्याचा. हा अर्ज भरा."

दुपारची करवत बंद ठेवायच्या अटीवर शेजारणीने शेजाऱ्याच्या रकान्यात सही दिली. गाडी अडली ती पुढच्या रकान्यात. शत्रूचं नाव व सही.

"मला शत्रूच नाही हो, बाई."

"मग प्रेम कोणावर करणार? रकाना रिकामा चालत नाही. गुरुवारपर्यंत बघा एखादा."

सुतार थेट समोरच्या शिंप्याकडे गेला. चाळीस वर्षांचा दोस्त. चर्चची पायरी तो फक्त पावसात आडोशाला चढलेला.

"तुला माप घेता येत नाही," सुतार ओरडला. "तुझ्या पँटी म्हणजे नुसती पोती! तुझा बापही तसाच शिवायचा!"

"खरंय रे," शिंपी म्हणाला. "त्याने शिवलेली कॉलर मला अजून काचतेय. बस, चहा सांगतो."

सुताराचा नाइलाज झाला. काउंटरवरचा अर्धवट शिवलेला कोट उचलून त्याने रस्त्यावरच्या चिखलात फेकला. शिंप्याने तो आणला, झटकला आणि विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुला?" मग चहा पिता पिता सगळी कहाणी ऐकली आणि हसत म्हणाला, "एवढंच ना? चल, देतो सही."

बाईंनी नियमाप्रमाणे चौकशी केली.

"यांनी तुमचा कोट चिखलात फेकला?"

"फेकला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"चहा पाजला."

बाईंनी नियमावली उघडली, मिटली. "म्हणजे शत्रूवर प्रेम तुम्ही केलंत. यांनी नुसतंच शत्रुत्व केलं." त्यांनी शिंप्याच्या नावाने दाखला लिहिला, त्यावर शिक्का मारला. "आजोबा, तुम्ही इथे सही करा. शत्रू म्हणून."

सुताराने घाबरून केली.

दुसऱ्या दिवशी दाखला शिंप्याच्या दुकानात फ्रेममध्ये लटकत होता.

"परत कर तो," सुतार म्हणाला.

"राहू दे रे भिंतीवर. जन्मात पहिल्यांदा कुठल्यातरी कचेरीने मला चांगला माणूस म्हटलंय."

"अरे, पण माझी जागा!"

"छान आहे की जागा. सकाळीच बघून आलो. सावली आहे. वहिनीही ओळखीच्या."

सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो धापा टाकत कार्यालयात पोचला. "बाई, मिळाला शत्रू! अगदी पक्का!"

"अभिनंदन. आता त्याच्यावर प्रेम करा, की जागा तुमची. दाखले दोन झाले तर वयाने मोठ्याचा हक्क आधी, आणि मोठे तुम्ही आहात."

सुताराला तीन वर्षं सरकून वाट बघणारी बायको आठवली. मग तिच्या शेजारी ऐसपैस पसरलेला शिंपी दिसला.

"ते सोडून काहीही सांगा," तो म्हणाला.

बाईंनी त्याचा अर्ज गठ्ठ्यावर ठेवला. खाली मंडळात ठरावाच्या बाजूने मत दिलेल्या सातही जणांचे अर्ज होते. प्रत्येकात शत्रूचं नाव ठळक अक्षरात, प्रेमाचा रकाना कोरा. जागा अजून रिकामीच आहे.

हसू नका. त्याच गठ्ठ्यात तुमचाही अर्ज आहे. शत्रूची नावं लिहायला तुम्ही तर जोडपत्र लावलंय.