महादेवरावांचं धुराडं

पांढुर्ण्यात लोक घरावर मजला चढवत, तेव्हा आमच्या शेजारचे महादेवराव धुराड्यावर डबे चढवत होते. वनस्पती तुपाचे गोल डबे, बुडं कापलेले, एकावर एक. पडू नयेत म्हणून चारी बाजूंना तारा ताणलेल्या. त्यातली एक तार आमच्या कडुनिंबाला, न विचारता बांधलेली.

ऐंशीनंतर घरोघरी निर्धूर चुली बसल्या, तशी त्यांच्याकडेही बसली. तिचा धूर सिमेंटच्या नळीतून कौलांवर जायचा आणि तिथून थेट माझ्या आईच्या खिडकीत उतरायचा. आईला दमा होता. धूर आला की ती उठून बसे. मी हातातलं पुस्तक मिटून तिची पाठ चोळत असे. तक्रार तिच्या स्वभावात नव्हती. "चूल निर्धूर त्यांची, धूर आपला," एवढंच एकदा म्हणाली. दोन्ही घरांत भिंत एकच, बोललेलं पलीकडे ऐकू जाई. त्याच रविवारी पहिला डबा चढला.

"काय करून राहिले जी, काका?" मी विचारलं.

"धुराले वर खेच कमी हाय," ते छपरावरून म्हणाले.

महादेवराव कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. जगात जे बिघडतं ते खेच कमी पडल्यानं, असं त्यांचं मत होतं. इटारसीची गाडी उशिरा आली, खेच कमी. सौंसरला पुतणीसाठी मुलगा पाहून आले, तेव्हा म्हणाले, "पोरगा बरा हाय. खेच नाई." आईच्या दम्याबद्दल मात्र कधी एक शब्द बोलले नाहीत. वारा फिरून धूर पुन्हा आमच्याकडे वळला आणि आई खोकू लागली, की ते बाजारातून आणखी एक रिकामा डबा घेऊन येत.

बाहेरगावच्या माणसांना ते धुराडं टीव्हीचा अँटेना वाटे. "चित्र साफ येते का जी?" कोणी विचारी.

"साफ येते," महादेवराव म्हणत.

त्यांच्या बायको, अनुसयाकाकू, खाली शिडी धरून उभ्या असत. "लावा अजून दोन. मंग चूलच वर जाऊन बसन, अन् तुमी बी तिच्यासंग."

शेवटी धूर आमच्या छपराच्या पार वरून जाऊ लागला. आई आडवी होऊन झोपू लागली.

पुढे एका थंडीत ती गेली. दम्यानंच. धुराचा त्यात दोष नव्हता.

माणूस गेलं की आमच्याकडे काही दिवस चूल पेटत नाही. जेवण शेजारून येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी छपरावर खडखड ऐकू आली. महादेवराव डबे उतरवत होते. त्यांची इतकी घाई मला बोचली.

दुपारी काकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मी डब्यांचं विचारलं.

"काय कराव मंग," त्या म्हणाल्या. "लंबं धुराडं साऱ्या जाळाले नळीत ओढून नेते. तवा तापतच नाई. आमी दोघं इतके वर्षं कच्च्या भाकरी खाऊन राहिलो, ते चालते. पण हे म्हणे, दुःखाच्या घरी कच्ची भाकर नाई धाडाची."

मागून महादेवराव पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि समोर बसले.

"भाजली हाय ना?"

"हो, काका."

खिडकीतून धूर आत येत होता आणि आईच्या रिकाम्या खाटेवर पसरत होता. महादेवराव उठले. त्यांनी खिडकी लावली. कडी बसत नव्हती. माझं जेवण होईपर्यंत ते फळी तळहातानं दाबून, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.