भेटी आल्या चारशे बारा

रोह्याच्या बाजारपेठेतल्या वाचनालयात एक कोपरा होता आणि त्या कोपऱ्यावर दोघांचा डोळा होता. मनस्वीला तिथे कॉम्प्युटर हवा होता, अध्यक्ष पुंडलिककाकांना कॅरम. कॉम्प्युटर सध्या तिथे होता, एवढीच काय ती मनस्वीची जमेची बाजू. पण अकरावीत गेल्यापासून तिला एक शोध लागला होता: आपण बोललो की लोक ऐकतात. त्याच जोरावर तिने कपाटातले जुने फोटो स्कॅन करून वाचनालयाच्या वेबसाइटवर ऑनलाइन प्रदर्शन मांडलं होतं. जुन्या होड्या, दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या वराती, आणि तेलाच्या घाण्याशेजारी हसत उभी असलेली एक बाई. त्या फोटोखाली मनस्वीने लिहिलं होतं, ‘या कोण, कोणी सांगेल का?’

"पण ते बघतंय कोण गो?" पुंडलिककाका विचारायचे. काका धाटावच्या कंपनीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले होते आणि वाचनालयही शिफ्टमध्येच चालवायचे. "रविवारी मीटिंग हाय. बघणारे दाखव, नायतर सोमवारच्या पहिल्या शिफ्टपासून तिथे कॅरम."

बघणारे दाखवायचे म्हणजे डॅशबोर्ड हवा. कोण, कुठून, किती वेळ बघतं हे वेबसाइट मोजत होतीच, पण सगळं इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. समितीतल्या निम्म्या लोकांना इंग्रजीचं वावडं आणि उरलेल्यांना मोतीबिंदू. मनस्वीने आठवडाभर खपून नवं पान बनवलं. भाकरीच्या चतकोरांसारखा गोल आलेख, नकाशावर गावागावांत लुकलुकणारे ठिपके, आणि सगळं स्वच्छ मराठीत, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या टपोऱ्या अक्षरांत. वर मथळा, ‘एकूण भेटी: ४१२’. त्याखाली ‘परत आलेल्या भेटी’ आणि गावांची नावं: पेण, नागोठणे, धाटाव, आणि सगळ्यांच्या वर, का ते कोणालाच न कळणारं, इस्रायलमधलं अश्दोद.

शनिवारी सकाळी तिने पडदा चालू केला, "काका, आकडे बघा, मी क्लासवरून आलेच," म्हणाली आणि सायकलवर टांग टाकली. समजावून सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं तिला वाटलंच नाही. आणि तिथेच घोडं पेंड खायला बसलं.

पुंडलिककाकांच्या लेखी भेट एकाच प्रकारची असे, ती म्हणजे टांगायची किंवा मांडायची. वाचनालयातला बाक, माठ, आरसा, सगळ्यांवर लाल रंगात ‘यांजकडून सप्रेम भेट’ लिहिलेलं होतं. पंख्याच्या तर तिन्ही पात्यांवर नावं होती. पंखा बंद झाल्याशिवाय दाता कळत नसे. काकांनी पडद्यावरचा आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"गिरजाबाई, चारशे बारा भेटी आल्यात. ठेवल्या कुठे?"

झाडलोट आणि चहा बघणाऱ्या गिरजाबाई केरसुणीसकट बाहेर आल्या. "भेटी? इथं? परवा एकानं दिवाळी अंक दिलं, त्यांना वाळवी लागलेली. ते मी चुलीत घातलं."

"आणि हे बघा, ‘परत आलेल्या भेटी: पेण’." काकांचा आवाज चढला. "पेणला आपलं कोण हाय?"

"तुमचं साडू."

काकांनी फोन लावला. "पोपटराव, तुमच्या वास्तुशांतीला मी एवढं भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते तुम्ही परत पाठवलंत?"

पलीकडून आधी दार लावल्याचा आवाज आला. मग पोपटराव दबक्या आवाजात म्हणाले, "पाठवलं नाय हो. भाच्याच्या लग्नात दिलं. पण तुम्हाला सांगितलं कोणी?"

"कॉम्प्युटरनं."

"अरे देवा. तो हे पण सांगतो?"

काकांनी फोन ठेवला आणि खडू उचलला. दारातल्या फळ्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिलं: ‘वाचनालयास ४१२ भेटी. सर्व दात्यांचे आभार. नावे लवकरच लावण्यात येतील.’

हे शेवटचं वाक्य नडलं. चारशे बारा जणांनी दिलं आणि आपण दिलं नाही, हे आता भिंतीवर लागणार. बाजारपेठेत बातमी फिरली आणि दुपारी मनस्वी परत आली तेव्हा पायऱ्यांवर रांग होती. पोह्यांच्या गिरणीवाल्यांनी स्टूल आणलं होतं. दोन जावांनी एकमेकींना न सांगता सारखेच डिनरसेट आणले होते. घड्याळांचा तर खच पडला होता आणि प्रत्येकात वेगळे वाजले होते.

"काका, हे काय?"

"राहिलेल्या भेटी. तू आधी त्या चारशे बारा कुठे ठेवल्यास ते सांग."

मनस्वीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "काका, ती भेट नाय हो. लोक भेट देतात ती नव्हे, भेट देतात ती."

काकांनी चष्मा वर सरकवला. "मी तेच म्हणतोय ना?"

"म्हणजे आपण रायगडला भेट देतो, तशी."

"रायगडला आपण काय देतो?"

"काय नाय देत. बघून येतो."

"मग ‘देतो’ कशाला म्हणायचं?"

याचं उत्तर मराठीकडेही नसावं. काका सप्रेम भेट मिळालेल्या बाकावर मटकन बसले. "म्हणजे पोपटरावांना मी उगाच…"

तेवढ्यात दारात पोपटरावच उभे राहिले. पेणहून एसटीने धापा टाकत आले होते, काखेत घड्याळ. "ते मिळालं नाय," ते खाली मान घालून म्हणाले, "पण कंपनी तीच हाय." काकांनी ते घेऊन बाकीच्या घड्याळांशेजारी ठेवलं. पोपटराव पायऱ्या उतरल्यावर मात्र काका मनस्वीकडे वळून म्हणाले, "उद्या मीटिंगला हा कोपरा बंद. शोभा झाली तेवढी पुरे."

रविवारी मीटिंगमध्ये मनस्वी उभी राहिली. "शब्द मी चुकीचा निवडला," ती म्हणाली. "पण काल जेवढे लोक पायऱ्या चढले तेवढे कधी चढले होते? घड्याळ ठेवायला आलेल्या निम्म्यांनी जाताना पुस्तक नेलं. आणि अश्दोदला कोणीतरी रोज त्या घाण्याच्या फोटोपाशी येऊन थांबतं. ते कोण, एवढं कळेपर्यंत तरी कोपरा ठेवा."

समिती कुजबुजली. भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम टिकटिकत होती. "महिनाभर बघू," काका शेवटी म्हणाले. "पण तो शब्द आधी बदल."

मनस्वीने ‘भेटी’ काढून ‘पाहुणे’ घातलं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर आलं, ‘आत्ता आलेले पाहुणे: ३’. गिरजाबाईंनी ते वाचलं आणि तीन कप चहा टाकला.

"नको, गिरजाबाई," रिकाम्या खुर्च्यांकडे बघत काका जाणकारासारखे म्हणाले. "हे तसले पाहुणे नाय."

महिना सरत आला. धाटावचा ठिपका पेटायचा, नागोठण्याचा पेटायचा, पेणचा तर रोज, कारण आपली आणखी काय बातमी फुटली ते पोपटराव तपासायचे. अश्दोदचा ठिपका मात्र विझला तो विझलाच. मनस्वी रोज बघायची. काकांनी कॅरमच्या पावडरचा डबा आणून कॉम्प्युटरशेजारी ठेवला.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी नकाशावर थेट रोह्यात एक ठिपका उजळला. प्रदर्शनातला फोटो, घाण्याचाच. मनस्वीने मान वर केली. दारात एक वयस्कर बाई उभ्या होत्या. एका हातात फोन, दुसऱ्यात कापडी पिशवी. एकदा फोनकडे बघत होत्या, एकदा पाटीकडे.

"वाचनालय ह्याच ना गो?"

गिरजाबाई चमकून वळल्या. असली जुनी बोली फक्त त्यांची आई बोलायची.

"मी हन्ना. अश्दोदशी आलंय. घाण्याशेजारी उभी हाय ना, ती माझी आजी. आम्ही यहुदी, शनवार पाळणारे; आमचा घाणा शनवारी बंद असायचा, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचा." त्यांनी आत नजर फिरवली. "कधीचा मनात होता, महिना तर निघायच्या तयारीतच गेला. भेट द्यायला आलंय."

पुंडलिककाका लगबगीने उठले. या परीक्षेचा अभ्यास त्यांनी महिनाभर केला होता. "या, या, द्या की. पण नुसती बघून द्यायची हां. वस्तू-बिस्तू काय द्यायची नाय. भेट म्हणजे बघणं. आता सगळं कळतंय आम्हाला."

हन्नाबाईंचा पिशवीत गेलेला हात तिथेच थांबला. "पण मी तर आणलंय."

पिशवीतून निघालं एक पितळी माप, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं. आजी तेल मोजून द्यायची ते.

"काका," मनस्वी हळूच म्हणाली, "ही दुसरी भेट आहे."

काका क्षणभर घोटाळले. मग त्यांनी माप दोन्ही हातांनी घेतलं, कोपऱ्यात गेले, कॅरमच्या पावडरचा डबा उचलून खिडकीत ठेवला आणि त्या जागी माप मांडलं.

आतून गिरजाबाईंचा आवाज आला, "पाहुणं कसलं हाय? चहा टाकू का नको?"

"टाका," काका म्हणाले, "हे पिणारे हायेत."