“वहिनी, कोठा साफ?”

सई, ओम, “आजीच्या पोटात दुखत होतं” एवढंच तुमच्या आईने फोनवर सांगितलं ना? अर्धवट सांगितलं! खरी गोष्ट हॅलिफॅक्सला पोहोचायलाच हवी, कारण तुम्हीही शाळेच्या वॉशरूममध्ये जायला लाजता असं कानावर आलंय.

इथे किचनर शहरात आमच्या कॉन्डोच्या इमारतीत समोरच्या घरात अण्णा राहतात. निवृत्त इंजिनिअर, जन्मभर पाण्याचे पाइप टाकले. लिफ्टमध्ये लोक ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात, अण्णा विचारतात, “वहिनी, कोठा साफ?” पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, समोशांच्या रांगेत उभं राहून समजावतात, “रोज झालंच पाहिजे असं नाही हो. पण आठवड्यातून तीनदाही नाही, खडा होतो, कुंथावं लागतं, म्हणजे बद्धकोष्ठ! पाइपात पाणी नसेल तर माल सरकेल कसा?” माणसं बशा घेऊन पळतात.

गेल्या हिवाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुखण्यावरच्या गोळ्या कडक. पाच दिवस पोट हललं नाही. डॉक्टरांना सांगू? छे! कॉन्व्हेंटात शिकलेली मी, तो शब्द इंग्रजीतही उच्चारत नाही. पुण्याहून आणलेलं एरंडेल मात्र दोनदा घेतलं. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, कळा येऊ लागल्या, उलट्या सुरू झाल्या.

तेवढ्यात अण्णा पपई घेऊन आले. माझ्याकडे बघून पपई तशीच खाली ठेवली.

“वहिनी, वारा सरतोय?”

“अण्णा! काहीतरीच काय!”

“बोला, नाहीतर ९११च्या अँब्युलन्सवाल्यांना इंग्रजीत विचारायला लावतो.”

“कालपासून नाही,” मी भिंतीला सांगितलं.

लावलाच त्यांनी फोन! इमर्जन्सीत तर नर्सला असे ओरडले, “नो गॅस सिन्स येस्टर्डे!” की अख्खी वेटिंग रूम वळली. पण मला लगेच आत घेतलं! डॉक्टर म्हणाल्या, गोळ्यांनी आतडं सुस्तावून पार तुंबलं होतं. त्यावर एरंडेल घ्यायला नको होतं. आणखी थांबला असतात तर आतडं फाटलं असतं.

मी नळ्या लावून पडले होते. खुर्चीतले अण्णा पहिल्यांदाच हळू बोलले.

“आमची ही, कमल, कशाने गेली, ठाऊक आहे? आतड्याच्या कॅन्सरने. शौचावाटे रक्त जात होतं. आठ महिने. लाजेपायी बोलली नाही. आणि मीही कधी विचारलं नाही, वहिनी.”

मग उठून त्यांनी माझं पांघरूण पायांपर्यंत नीट ओढलं.

पोटाचं ऑपरेशन करावं लागलं नाही. माझं आतडं शाबूत आहे, आणि अण्णा अजून समोरच राहतात.