पेटीतल्या गुंऽऽचा छडा

‘ध्वनिगुन्ह्यांचे एकमेव अन्वेषक! ज्यांच्या कानांतून आजवर एकही अपराधी निसटला नाही, असे कानसेन!’

हा मजकूर कानसेनांनी स्वतः रचला, स्वतः कार्डावर छापून घेतला आणि ते कार्ड समोरच्याच्या हातात देऊन स्वतःच मोठ्याने वाचून दाखवतात. प्रत्यक्षात ते दारावरच्या घंटा बसवतात. त्यातल्या निम्म्या वाजत नाहीत आणि उरलेल्या थांबत नाहीत. त्यांच्या कानांतून अपराधी निसटत नाही हे मात्र खरं. निसटायला आधी आत काही जावं लागतं.

मी त्यांचा सहाय्यक, म्हणजे साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी आहेत, एवढाच माझा गुन्हा. एरवी मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि सुट्टी मिळाली की कानसेनांसाठी बॅटरी धरून उभा राहतो. या वेळी तर त्यांनी मला चक्क दोन दिवसांची रजा टाकायला लावली.

गुरुवारी सकाळी आम्ही गिटारबाईंच्या घरी पोहोचलो. साठी उलटलेल्या बाई तिसऱ्या मजल्यावर मुलांना गिटार शिकवतात. खोलीत एक सतरंजी, एक खुर्ची आणि खुर्चीला खेटून जुना ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. बाईंनी गिटार मांडीवर घेतली, वायर जोडली, बटण दाबलं. पेटीतून आवाज आला : गुंऽऽऽ. वर खरखर. बाईंनी तार छेडली तर सूर त्या गुंऽऽमध्ये बुडूनच गेला.

“शनिवारी संध्याकाळी माझा धाकटा भाऊ येतोय,” बाई म्हणाल्या. “अकरा वर्षांनी. आम्ही दोघं मिळून कार्यक्रम करायचो. शेवटच्या कार्यक्रमात ही पेटी अशीच घुमायला लागली. तो सगळ्यांसमोर म्हणाला, ताईने वाट लावली. मी म्हटलं, तू लावलीस. मग मी एकटी वाजवत होते तोवर सगळं ठीक होतं. महिन्याभरापूर्वी त्याचा फोन आला, तेव्हापासून सराव वाढवला आणि हे पुन्हा सुरू झालं. शनिवारी जर हिने गुंऽऽ केलं...”

बाईंनी दाराकडे पाहिलं.

“भाऊ!” कानसेन माझ्या कानात पुटपुटले. “त्यानेच अकरा वर्षांपूर्वी आत काहीतरी पेरून ठेवलंय.”

“आणि ते महिन्याभरापूर्वी उगवलं?”

“सावकाश उगवणारं असेल.”

पहिला संशय मात्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंवर गेला. त्यांचं मशीन विजेवर चालतं, एवढा पुरावा कानसेनांना पुरला. त्यांनी मला खाली पिटाळलं. शिंपीणबाईंनी ब्लाउजच्या बाहीवर झुकलेली मान वर केली, मशीन बंद केलं आणि पायही बाजूला घेऊन दाखवला. मी खिडकीतून वर ओरडलो, “बंद केलं!”

वरून उत्तर आलं, “गुंऽऽ!” पाठोपाठ कानसेनांचा आवाज, “बंद केल्याचं नाटक करतायत! पुन्हा बंद करायला सांगा!”

बंद मशीन पुन्हा कसं बंद करायचं, असं शिंपीणबाईंनी मला विचारलं. मी त्यांची माफी मागून जिना चढलो.

दुसरा संशय अर्थिंगवर. “ही तिसरी पिन फितूर आहे,” असं जाहीर करून कानसेनांनी पक्कड काढली. बाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. “पिन तोडायची नाही. घुमणारी पेटी चालेल, शॉक देणारी नको.” दोन दिवसांत त्या खोलीत बोललं गेलेलं शहाणपणाचं हे पहिलं वाक्य, आणि अर्थातच ते कानसेनांचं नव्हतं.

मग कानसेनांनी पेटी उघडली. त्यांनी व्हॉल्यूमच्या बटणात धूळ काढायचा स्प्रे मारला, बटण मागेपुढे फिरवलं आणि खरखर थांबली. हे कसं झालं ते कानसेनांना कळलं नाही, म्हणून त्यांनी ते आपल्या नावावर जमा केलं. आत्मविश्वास वाढला की ते धोकादायक होतात. वायर काढल्यावर जरा वेळ थांबा, असं मी म्हणेपर्यंत त्यांनी वीज साठवून ठेवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर ठेवला. ठप्प! ठिणगी उडाली आणि अन्वेषक सतरंजीवर बसले.

“प्रतिकार करतोय,” ते म्हणाले. “म्हणजे हाच.”

शुक्रवारचा सगळा दिवस नवे कपॅसिटर आणून सोल्डर करण्यात गेला. संध्याकाळी पेटीचं झाकण पुन्हा लागलं तेव्हा बाहेर चार स्क्रू उरले होते. “कंपनीने जास्तीचे दिले होते,” कानसेन म्हणाले. बाई गिटार घेऊन खुर्चीत बसल्या आणि बटण दाबलं.

गुंऽऽऽ.

“आता जरा सुरात आलाय,” कानसेन म्हणाले.

बाईंनी काही न बोलता गिटारची वायर उपटली. पेटी एकदम गप्प. पुन्हा जोडली, गुंऽऽ. पुन्हा काढली, शांत.

“अहो,” मी म्हटलं, “पेटीत दोष असता तर ती वायर काढल्यावरही घुमली असती. आवाज गिटारमधून येतोय.”

कानसेनांनी माझ्याकडे अपार कीव करून पाहिलं. “साडूबुवा, साक्षीदार खोलीबाहेर गेला की आरोपी गप्प बसतोच. काचा घासा तुम्ही.”

शनिवारी पाच वाजता भाऊ आला. डोक्याचे केस गेलेले, खांद्यावर गिटार. बाई दाराकडे पाठ करून, अ‍ॅम्प्लिफायरला गुडघा टेकवून बसल्या होत्या. पेटी चालू होती. तो दारातच थांबला.

“अजून घुमतेय,” तो म्हणाला. अकरा वर्षांनंतरचे हे पहिले शब्द.

“म्हण, माझ्यामुळेच म्हण,” बाई पाठमोऱ्याच बोलल्या.

“काय म्हणायचं ते म्हणेन गं. आधी तोंड तर दाखव, ताई.”

बाईंनी डोळे पुसले आणि खुर्ची करकरत त्याच्याकडे वळवली. मांडीवरची गिटारही वळली. गुंऽऽ विरत विरत गेलं आणि थांबलं.

बाई पुन्हा पेटीकडे वळल्या : गुंऽऽ. भावाकडे वळल्या : शांत. नळ सोडावा आणि बंद करावा तसं.

भावाने गिटारच्या तारांखालच्या पट्टीला, पिकअपला, बोट लावलं. “ही तारेची गुंडाळी आहे, ताई. पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरला खेटून, त्याच्याकडे तोंड करून बसलीस की ती त्याचीच गुरगुर ओढून घेते. त्या कार्यक्रमातही तू माझ्यावर आधीच रागावून पेटीकडे वळून बसली होतीस.”

“आणि हल्ली ऐकू कमी येतं म्हणून चिकटून बसतेय,” बाई म्हणाल्या. “म्हणजे मोडलं काहीच नव्हतं?”

“काहीच नव्हतं.”

बाई हसायला लागल्या, मग रडायला, मग दोन्ही. भाऊ सतरंजी ओढून समोर बसला.

“खुर्चीवर माझा पहिल्यापासून संशय होता,” कानसेन खाकरून म्हणाले. कोणी वळूनही पाहिलं नाही.

दोघं वाजवायला लागले. स्वच्छ, मागे एवढीशीही कुरकुर नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होतो आणि दोन दिवस बॅटरी धरल्याचं आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटत नव्हतं. दुसऱ्याच ओळीत भावाची बोटं घसरली.

“चुकलास,” बाई म्हणाल्या.

“हो गं. चुकलो,” भाऊ म्हणाला, आणि वाजवत राहिला.

कानसेनांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांचे डोळे लकाकत होते.

“ऐकलंत, साडूबुवा? कबुलीजबाब!”

मी त्यांना दंडाला धरून जिन्याकडे नेलं आणि दार हळूच लोटून घेतलं.