धूर दाखवा, अनुदान मिळवा

बेकरीवाल्याच्या घरी एकाच दिवशी, एकाच खात्याची दोन पत्रं आली. पहिल्यात लिहिलं होतं की, आपल्या भट्टीच्या धुराबद्दल तक्रार आली आहे. सोमवारी पाहणी होईल आणि धूर आढळल्यास बेकरीला कुलूप लावण्यात येईल. दुसऱ्यात लिहिलं होतं की, हवेतली धूळ आणि धूर कमी करण्यासाठी सरकार विजेच्या भट्टीला अनुदान देत आहे, त्यासाठी आपला अर्ज मिळाला. सोमवारी पाहणी होईल आणि धूर न आढळल्यास अर्ज फेटाळण्यात येईल.

बेकरीवाल्याने दोन्ही पत्रं वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"अगं, म्हणजे सोमवारी धूर असायला हवा की नको?"

बायको पावाचे साचे घासत होती. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण आधी खोकला आला. हा खोकला आता घरातल्या माणसासारखाच झाला होता. रोज उठायचा, दिवसभर राबायचा आणि सगळ्यांच्या मागून झोपायचा. डॉक्टर म्हणाले होते, एक तर भट्टी बदला, नाही तर यांना भट्टीपासून लांब ठेवा. दुकान आणि घर यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता. लांब म्हणजे पडद्याच्या पलीकडे, एवढंच शक्य होतं. नवी भट्टी स्वतःच्या हिमतीवर घेण्यासारखी नव्हती, म्हणून त्याने अर्ज केला होता.

तक्रार वरच्या मजल्यावरच्या काकूंची होती. काकू शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण चुका काढण्यातून झाल्या नव्हत्या. भट्टीचं धुराडं त्यांच्या गच्चीशेजारून जायचं आणि वाळत घातलेल्या चादरींवर आपली सही करून जायचं.

"दाजी, त्यात काय एवढं!" मेहुणा म्हणाला. मेहुण्याला नोकरी नव्हती, त्यामुळे सगळ्यांच्या अडचणींसाठी त्याच्याकडे वेळ असायचा. "मी खात्यात चौकशी करून आलोय. नोटीसवाले सकाळी येणार, अनुदानवाले दुपारी. सकाळी भट्टी बंद ठेवायची. ते गेले की ओली लाकडं घालून असा धूर काढायचा, की अनुदानवाले रडत रडत सही करतील."

योजना इतकी सोपी होती की बेकरीवाल्याला तिची भीतीच वाटली. पण दुसरी योजना कुणाकडे नव्हती.

रविवारी भट्टी विझवली. मेहुण्याने ती आतून-बाहेरून धुतली, तिच्यावर फुलाफुलांचं कापड अंथरलं आणि त्यावर एक कुंडी ठेवली. भट्टी आता टेबलासारखी दिसू लागली. "ही जरा जास्तच गोंडस झालीय," बायको म्हणाली, पण तिचं कोण ऐकतो!

सोमवारी सकाळी एक मॅडम आल्या. हातात डब्यासारखं यंत्र, खांद्याला पिशवी. "पाहणीला आलेय," एवढंच म्हणाल्या.

"या, या! बसा!" बेकरीवाल्याने खुर्ची पुसली.

"धूर किती होतो?"

"धूर? छे हो! कुठला धूर?"

"लाकडाची भट्टी आहे ना?"

"आहे आपली नावाला. ती काय, कुंडीखाली."

"मॅडम, आजूबाजूची माणसं मोकळा श्वास घ्यायला आमच्या दुकानात येतात," मेहुण्याने भर घातली.

तेवढ्यात पडद्यामागून खोकला आला. मॅडमनी मान वर केली. "हा खोकला?"

"तो ना... तो माहेरचा आहे," बेकरीवाला म्हणाला.

"आमच्या घराण्यातच आहे," मेहुणा म्हणाला आणि पुरावा म्हणून स्वतः दोनदा खोकला.

मॅडमनी यंत्र सुरू केलं. काटा जागचा हलला नाही. त्यांनी हळहळत मान हलवली. "कमाल आहे. भट्टी बदलायची गरजच नाही, असा अर्जदार मी पहिल्यांदा बघतेय. अनुदान काही मिळायचं नाही हो तुम्हाला."

बेकरीवाल्याचा चेहरा मळलेल्या पिठासारखा पांढरा पडला. "तुम्ही अनुदानवाल्या?"

"मग! नोटीसवाले दुपारी येतील. खात्यात यंत्र एकच आहे ना. त्यांची सकाळी बैठक निघाली, म्हणून मी आधी आले."

"मॅडम, धूर आहे!" बेकरीवाला कळवळून म्हणाला. "भरपूर आहे! काळाकुट्ट आहे!"

"आत्ता तर नाही म्हणालात."

"लाजेपोटी म्हणालो हो. पाहुण्यांसमोर कसं सांगायचं!"

मॅडम मनाने चांगल्या होत्या. "चहा होईपर्यंत थांबते," त्या म्हणाल्या. "दाखवा."

मग जी धावपळ झाली, तिला तोड नव्हती. कुंडी खाली आली, कापड उडालं, मेहुण्याने ओली लाकडं कोंबली, वरून भिजलेलं भुसकट टाकलं. आगपेटीतल्या निम्म्या काड्या गेल्यावर भट्टीने एकदाचा पेट घेतला आणि धूर निघाला. पण तो वर जाईना. भट्टीच्या तोंडातून सरळ दुकानात आला. बघता बघता बेकरीवाल्याला मेहुणा दिसेना, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट होती.

"अरे, धुराड्याला काय झालं?"

"दाजी," धुरातून बारीक आवाज आला, "काल भट्टी धुताना वरून काजळी पडत होती. म्हणून मी धुराड्यात पोतं कोंबलं होतं."

"मग ते काढलं का नाहीस?"

"आता आठवलं ना!"

सगळे ठेचकाळत रस्त्यावर आले. मॅडम चहाच्या कपासकट आल्या. त्यांच्या बगलेतलं यंत्र पिसाळल्यासारखं ओरडत होतं. तेवढ्यात बैठक लवकर आटोपून नोटीसवाले साहेब कोपऱ्यावरून धावत आले. त्यांना मोजायला यंत्राची गरजच पडली नाही. रस्त्याच्या टोकापासूनच त्यांना ही बेकरी ओळखू आली होती.

"सापडलात!" ते धापा टाकत म्हणाले. "कुलूप घेऊनच आलोय मी."

जिन्यावरून काकू उतरल्या. हातात करडी पडलेली चादर होती. "ही सकाळी पांढरी होती! हाच तो धूर! रोज असतो! लिहून घ्या!"

"घेतलं," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "धूर सिद्ध झाला. अनुदान मंजूर."

"धूर सिद्ध झाला, म्हणून बेकरी बंद," नोटीसवाले म्हणाले.

"बंद बेकरीला अनुदान देता येत नाही."

"आणि नवी भट्टी आल्याशिवाय मला कुलूप काढता येत नाही."

"पण अनुदानाशिवाय नवी भट्टी येणार कुठून?" बेकरीवाल्याने विचारलं. दोघांनीही त्याच्याकडे असं पाहिलं, की हा माणूस मध्येच कुठून आला!

शेवटी मोठ्या साहेबांना फोन लावला. दोन्ही विभाग त्यांच्याच हाताखाली होते. मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून क्षणात निकाल दिला. "धूर आहे ना? मग अनुदान मंजूर करा. अनुदान मंजूर म्हणजे नवी भट्टी आलीच. नवी भट्टी आली म्हणजे धूर गेला. मग नोटीस मागे घ्या आणि धूर नाही असा दाखला देऊन टाका."

आणि त्या धुरात, खोकत खोकत, धूर नसल्याच्या दाखल्यावर सह्या झाल्या. नंतर मोठ्या साहेबांनीही त्यावर आपली सही ठोकली. बेकरीवाल्याने दाखला चौकटीत बसवून भिंतीवर लावला. आता पैसे आले की भट्टी आली.

पैसे आले नाहीत. बेकरीवाला खात्यात खेटे घालू लागला. तिथला कारकून शांतपणे सांगायचा, "मंजूर आहे हो. पण तुमच्याकडे आता धूरच नाही, मग घाई कशाची? धूरवाले आधी." जुनी भट्टी धुमसतच होती, म्हणून काकूंनी पुन्हा तक्रार केली; तिलाही उत्तर आलं. आपल्या परिसरात धूर नसल्याची नोंद आहे, तरी आपण डोळे तपासून घ्यावेत.

ते पत्र घेऊन काकू खाली आल्या. चुका काढण्यात आयुष्य गेलेल्या बाईंची कुणीतरी चूक काढली होती. बेकरीवाल्याची बायको खोकत होती. काकू तिच्याशेजारी बसल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग दोघी काहीतरी कुजबुजल्या.

"अहो, तो दाखला काढा भिंतीवरून," बायको म्हणाली. "आणि रिक्षा बोलवा."

"कशाला?"

"चला नुसते."

रिक्षातून दोघी बायका, एक लोखंडी घमेलं, ओल्या भुसकटाची पिशवी आणि झाकणाच्या डब्यात थोडे निखारे असा लवाजमा खात्याच्या दारात उतरला. बेकरीवाला मागून कुणाची ओळख नसल्यासारखा चालत होता. मोठ्या साहेबांच्या खोलीत, त्यांच्या टेबलासमोर, काकूंनी घमेलं ठेवलं. बायकोने त्यात निखारे ओतले आणि वर भुसकट टाकलं.

"अहो, हे काय! धूर! धूर!" साहेब उभे राहिले.

"कुठाय?" काकूंनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"हा काय, समोर!"

बायकोने दाखला पुढे केला. "हा धूर आमच्याच भट्टीचा आहे, साहेब. तुम्हीच सही केलीय, नाही म्हणून. आम्ही बसतो. आम्हाला सवय आहे."

आणि तिने खुर्ची ओढली. तिच्या खोकल्याला साहेबांचा खोकला मिळाला, मग शेजारच्या खोलीतला, मग सगळ्या मजल्याचा. माणसं भराभर व्हरांड्यात येऊ लागली. साहेब जिन्यापर्यंत पोहोचले, पण काकू बेकरीच्या अर्जाची फाईल आणि पेन घेऊन एक पायरी खाली उभ्या होत्या. साहेबांनी भिंतीला टेकून रक्कम देण्याचा हुकूम लिहिला. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

बेकरीवाल्याने हुकूम घेतला आणि छातीशी धरला. जिन्याखाली आवारात जमलेल्या माणसांमधल्या एका म्हातारबुवांनी हे पाहिलं. ते स्वतःच्या कामासाठी कित्येक दिवस तिथे येत होते. त्यांनी शेजारच्याला हळूच कोपरखळी मारली.

"बघा," ते भारावून म्हणाले, "गरिबाचं काम करताना असा ढसाढसा रडणारा अधिकारी मी तरी आजवर पाहिला नव्हता."